तारेच्या पलीकडची डिस्क: एप्रिल २०११ मधील ईबीएस प्रकरणाचा अभ्यास

सार्वजनिक क्लाउडवर आभासी सर्व्हर सुरू केला की त्याला जोडलेली एक डिस्क दिसते. ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यावर फाइल सिस्टिम उभी करते, डेटाबेस तिच्यावर लिहितो, आणि वापरणाऱ्याला ती मशीनच्या पोटातच आहे असे वाटत राहते. ती तिथे नसते. ती त्याच डेटा सेंटरमध्ये, पण दुसऱ्याच सर्व्हरवर असते आणि लिहिलेला प्रत्येक ब्लॉक नेटवर्कवरून तिथे पोहोचतो. क्लाउडच्या दरपत्रकात संगणन, साठवण आणि नेटवर्क या तीन वेगवेगळ्या सेवा म्हणून छापलेल्या असतात. पण ज्याला आपण डिस्क म्हणतो ती या तिन्हींच्या सांध्यावर उभी असते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या उत्तर व्हर्जिनियातील यूएस ईस्ट रिजनमध्ये, म्हणजे एका भौगोलिक विभागात, अशी डिस्क पुरवणाऱ्या ईबीएस सेवेत २१ एप्रिल २०११ रोजी जो बिघाड सुरू झाला आणि पुढे चार दिवस रेंगाळला, त्याच्याइतके हे सत्य स्पष्ट करणारे दुसरे प्रकरण क्वचितच सापडेल. कंपनीने त्याचा तपशीलवार वृत्तान्त काही दिवसांतच स्वतः प्रसिद्ध केला, त्यामुळे अंदाजांवर न विसंबता त्याचा अभ्यास करता येतो.

बिघाडापूर्वीची रचना

एसथ्री ही फाइल साठवणारी सेवा मार्च २००६ मध्ये आणि ईसीटू ही आभासी सर्व्हरची सेवा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणी स्वरूपात सुरू झाली. सुरुवातीच्या ईसीटू सर्व्हरची डिस्क तात्पुरती असे. सर्व्हर संपवला की तिच्यावरील माहितीही संपली. डेटाबेस चालवणाऱ्याला हे परवडणारे नव्हते. ऑगस्ट २००८ मध्ये आलेल्या ईबीएस (इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर) या सेवेने ही अडचण दूर केली, कारण तिच्यातील व्हॉल्यूम, म्हणजे आभासी डिस्क, सर्व्हरपासून स्वतंत्र असतो, एका सर्व्हरवरून काढून दुसऱ्याला जोडता येतो आणि सर्व्हर गेला तरी टिकतो. डिसेंबर २००९ पासून सर्व्हरची मूळ डिस्कही ईबीएसवर ठेवता येऊ लागली. ही सोय लोकांना इतकी आवडली की तिचा दुसरा अर्थ फारसा कोणी मनावर घेतला नाही: आता सर्व्हर सुरू होण्यासाठीसुद्धा साठवणीची सेवा धडधाकट असणे आवश्यक झाले होते.

ईबीएसचे दोन भाग होते. पहिला भाग म्हणजे क्लस्टर, अर्थात साठवणीच्या सर्व्हरांचा समूह. प्रत्येक क्लस्टर एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रिजनमधील स्वतंत्र वीजपुरवठा व इमारती असलेल्या भागात) असे, आणि त्यातील नोडांवर, म्हणजे एकेका सर्व्हरवर, व्हॉल्यूमच्या प्रती ठेवलेल्या असत. दुसरा भाग म्हणजे कंट्रोल प्लेन. व्हॉल्यूम तयार कर, जोड, काढ, स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घे अशा विनंत्या स्वीकारून त्या योग्य क्लस्टरकडे पोहोचवणे हे त्याचे काम. ते अनेक झोनमध्ये पसरलेले होते, पण संपूर्ण रिजनसाठी एकच होते. झोन एकमेकांपासून अलग असतात, एक पडला तरी दुसरा चालू राहतो, हे आश्वासन क्लस्टरच्या बाबतीत खरे होते. कंट्रोल प्लेनच्या बाबतीत ते किती खरे होते, हे त्या रात्रीपर्यंत तपासले गेले नव्हते.

नोडांमध्ये दोन नेटवर्क होती. प्राथमिक नेटवर्क मोठ्या क्षमतेचे होते आणि नोडांचे आपसातले, ईसीटू सर्व्हरशी व कंट्रोल प्लेनशी होणारे नेहमीचे दळणवळण त्यावरून चाले. दुय्यम नेटवर्क कमी क्षमतेचे होते. प्राथमिकात अडचण आली तर नोडांना एकमेकांशी बोलता यावे आणि प्रती बनवण्याचे जादा काम उतरवता यावे, एवढ्यासाठीच ते ठेवलेले होते.

चुकीच्या राउटरकडे वळलेली वाहतूक

पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४७ मिनिटांनी एका झोनमधील प्राथमिक नेटवर्कची क्षमता वाढवण्याचे नियमित काम सुरू झाले. (यापुढील सर्व वेळा पॅसिफिक आहेत, व्हर्जिनियाचे घड्याळ तीन तास पुढे असते.) अशा कामात एका राउटरवरची वाहतूक आधी त्याच नेटवर्कमधील जोडीच्या राउटरकडे वळवतात आणि मग रिकाम्या राउटरवर काम करतात. या वेळी वाहतूक जोडीच्या राउटरकडे न जाता दुय्यम नेटवर्कवर गेली. तो भार त्या नेटवर्कला पेलणारा नव्हता. परिणामी क्लस्टरच्या एका भागातील नोडांना एकही चालते नेटवर्क उरले नाही: प्राथमिकावरून वाहतूक मुद्दाम हटवलेली आणि दुय्यम तुंबलेले. नोड सुरू होते, प्रती शाबूत होत्या, फक्त त्यांच्यातील संपर्क तुटला होता.

पण हे नोडला कळणार कसे? ज्याच्याकडे आपली प्रत आहे तो सोबती उत्तर देत नाही, इतकेच नोडला दिसते. सोबती खरोखर मेला आहे की मधली वाट बंद आहे, हे ओळखण्याचे खात्रीचे साधन वितरित संगणनात नाही. अशा वेळी ईबीएसचा नोड सोबती गेला असे गृहीत धरतो, मोकळी जागा असलेला नवा नोड शोधतो आणि तिथे प्रत बनवू लागतो. या क्रियेला री-मिररिंग म्हणतात. नेहमीच्या दिवसांत नव्या नोडचा शोध काही मिलिसेकंदांत संपतो. मात्र नवी प्रमुख प्रत कोणती हे ठरेपर्यंत त्या भागावरचे वाचन-लेखन थांबवून ठेवले जाते, कारण दोन प्रतींवर दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या गेल्या तर डेटाच विश्वासार्ह राहत नाही.

चूक लक्षात येऊन वाहतूक पूर्ववत केल्यावर, एकाकी पडलेले सगळे नोड एकाच वेळी नवे सोबती शोधू लागले. क्लस्टरमधील मोकळी जागा तुरळक आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या बिघाडांचा हिशोब करून ठेवलेली होती. आज एक नोड जाईल, उद्या दुसरा, हे त्यामागचे गृहीतक. इथे सगळ्यांची गरज एकाच क्षणी उभी राहिली आणि जागा झपाट्याने संपली. ज्यांना ती मिळाली नाही ते नोड पुन्हा पुन्हा तोच शोध घेत राहिले. त्या झोनमधील सुमारे १३ टक्के व्हॉल्यूम अशा अडकलेल्या स्थितीत गेले.

कंपनीने याला री-मिररिंगचे वादळ म्हटले आहे. हे वादळ शमण्याऐवजी वाढत गेले, आणि त्याला दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. अयशस्वी शोधानंतर नोड पुरेसे थांबत नव्हते. अशा ठिकाणी प्रतीक्षा दर अपयशानंतर वाढत जावी, एक सेकंद, मग दोन, मग चार, आणि तिच्यात थोडी यादृच्छिकता असावी म्हणजे सगळे एकाच ठोक्याला परत येत नाहीत, हा जुना आणि सर्वमान्य उपाय आहे. इथे तो पुरेशा कडकपणे लावलेला नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे नोडच्या कोडमधील एक रेस कंडिशन, म्हणजे घटनांच्या वेळा विशिष्ट रीतीने जुळल्यावरच उघड होणारा दोष. प्रती बनवण्याच्या असंख्य विनंत्या एकाच वेळी बंद होत असताना अत्यंत कमी संभाव्यतेने नोड कोसळू शकत होता. नेहमी ही संभाव्यता नगण्य असते. वादळात विनंत्यांची संख्याच इतकी वाढली की नोड खरोखर कोसळू लागले, प्रत्येक कोसळलेल्या नोडमागे आणखी व्हॉल्यूमना नव्या प्रतींची गरज निर्माण झाली आणि गर्दी वाढली.

झोनची भिंत कुठून फुटली

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते राउटर नव्हे, तर पुढचा टप्पा आहे. एका झोनमधील एका क्लस्टरचा बिघाड इतर झोनमधील ग्राहकांपर्यंत पोहोचायला नको होता. तो पोहोचला, आणि तोही एकदा नव्हे तर दोनदा, दोन वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट व्हॉल्यूम तयार करण्याच्या विनंत्यांची होती. बिघडलेल्या क्लस्टरकडे पाठवलेली प्रत्येक अशी विनंती दीर्घ टाइमआउट संपेपर्यंत उत्तराची वाट पाहत राहिली आणि तेवढा वेळ तिने कंट्रोल प्लेनमधील एक थ्रेड, म्हणजे विनंती हाताळणारा एक कामकरी धागा, अडवून ठेवला. थ्रेड मोजके असतात. ते सगळे एका आजारी क्लस्टरची वाट पाहण्यात गुंतल्यावर निरोगी झोनसाठी आलेल्या विनंत्यांना हात लावायला कोणीच मोकळे उरले नाही. पहाटे २.४० वाजता बाधित झोनमध्ये नवे व्हॉल्यूम तयार करणे बंद केले, आणि २.५० पर्यंत बाकीच्या ईबीएस विनंत्यांचा विलंब व त्रुटी पूर्ववत झाल्या. हे दहा मिनिटांचे उत्तर पाहिले की दोष कुठे होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी वाट अधिक सूक्ष्म होती. नवी प्रमुख प्रत कोणती हे नोड एकट्याने ठरवू शकत नव्हता. त्यासाठी नोड, व्हॉल्यूम वापरणारा ईसीटू सर्व्हर आणि कंट्रोल प्लेन यांच्यात देवाणघेवाण व्हावी लागे, जेणेकरून दोन प्रती एकाच वेळी स्वतःला प्रमुख समजणार नाहीत. कोसळणाऱ्या नोडांमुळे या वाटाघाटी इतक्या वाढल्या की पहाटे ५.३० च्या सुमारास संपूर्ण रिजनमध्ये विनंत्या पुन्हा मंदावल्या आणि फसू लागल्या. डेटाची सुसंगती राखणारी यंत्रणाच आता इतरांची उपलब्धता खात होती. सकाळी ८.२० पासून आजारी क्लस्टर आणि कंट्रोल प्लेन यांच्यातील संपर्क तोडायला सुरुवात झाली. त्याने इतर झोन सावरले, पण त्या झोनमधील ग्राहकांच्या हातात व्हॉल्यूमवर काही करण्याचे साधन उरले नाही. ११.३० वाजता नोडांचा निष्फळ शोध तेवढा थांबवणारा आणि बाकीचे आवश्यक दळणवळण चालू ठेवणारा उपाय सापडला, दुपारी १२.०४ पर्यंत बिघाड एका झोनपुरता मर्यादित झाला. वाहतूक चुकीच्या दिशेने वळल्याला तेव्हा साडेअकरा तास होत आले होते.

झोनच्या वीजपुरवठ्याचे आणि इमारतींचे विलगीकरण या घटनेत अबाधित राहिले, हे लक्षात घेतले पाहिजे. फुटले ते सामाईक सॉफ्टवेअर. ग्राहक म्हणून आपण दोन झोन निवडतो तेव्हा यंत्रांचे दोन संच निवडतो, पण त्यांना हुकूम देणारा मधला थर बहुधा एकच असतो. म्हणूनच बिघाड झाल्यावर दुसऱ्या झोनमध्ये नवे सर्व्हर सुरू करू, ही योजना कागदावर दिसते तितकी भक्कम नसते. सर्व्हर सुरू करणे ही कंट्रोल प्लेनकडची विनंती असते, आणि त्या सकाळी ईबीएसवरची मूळ डिस्क असलेले नवे सर्व्हर निरोगी झोनमध्येही नीट सुरू होत नव्हते. तिथे आधीपासून चालू असलेल्या सर्व्हरचे काम मात्र चालू राहिले.

चार दिवसांची दुरुस्ती

अडकलेले व्हॉल्यूम सोडवायचे तर मोकळी जागा हवी होती. सोपा मार्ग समोर होता: जिथे प्रत निकामी समजली गेली आहे ते नोड पुसून पुन्हा वापरायचे. तो घेता आला नाही, कारण प्रत्येक प्रतीला नवा सोबती मिळाल्याची खात्री होईपर्यंत जुनी प्रत सोडायची नाही, हा ईबीएसचा नियम होता. उपलब्धतेपेक्षा डेटा टिकणे महत्त्वाचे, ही निवड त्यामागे होती, आणि ती योग्यच होती असे मला वाटते. पण तिचे मोल म्हणून रिजनमधील इतर ठिकाणचे जादा सर्व्हर प्रत्यक्ष हलवून आणावे आणि त्या क्लस्टरमध्ये बसवावे लागले. क्लाउडमध्ये क्षमता हवी तेव्हा हवी तितकी मिळते, असे म्हणण्याची सवय झालेल्यांनी या ओळीवर थोडे थांबावे.

२२ एप्रिलला पहाटे दोनच्या सुमारास मोठ्या प्रमाणात नवी क्षमता जोडली जाऊ लागली, आणि दुपारी १२.३० पर्यंत बाधित झोनमधील २.२ टक्के वगळता बाकीचे व्हॉल्यूम परत आले. व्हॉल्यूम परत येणे आणि ते हाताळता येणे या वेगळ्या गोष्टी होत्या: तोडलेला कंट्रोल प्लेन साचलेल्या कामाच्या ओझ्याने पुन्हा वाकू नये म्हणून तो जपून जोडावा लागला, आणि त्या झोनसाठीच्या विनंत्या २३ एप्रिलच्या संध्याकाळी ६.१५ वाजता पूर्ववत झाल्या. उरलेल्या व्हॉल्यूमच्या प्रती आधी एसथ्रीवर सुरक्षित करून मग ते सोडवले गेले. २४ एप्रिलच्या दुपारपर्यंत फक्त १.०४ टक्के व्हॉल्यूम उरले होते. शेवटी ०.०७ टक्के व्हॉल्यूम सुसंगत अवस्थेत परत देता आले नाहीत.

ग्राहकांच्या बाजूने

अडकलेली डिस्क मेलेल्या डिस्कपेक्षा वाईट असते. मेलेली डिस्क त्रुटी परत करते आणि सॉफ्टवेअर पुढचा मार्ग धरते. अडकलेली डिस्क काहीच परत करत नाही. लिनक्समध्ये तिच्यावर लिहू पाहणारी प्रक्रिया ‘डी’ स्थितीत (मध्येच तोडता न येणाऱ्या प्रतीक्षेत) जाते, किलचा सिग्नल पाठवूनही बहुधा संपत नाही, प्रोसेसर रिकामा असताना लोड ॲव्हरेज (खोळंबलेल्या कामांचा सरासरी आकडा) चढत जातो, आणि पिंगला, म्हणजे ‘आहेस का’ एवढेच विचारणाऱ्या नेटवर्क संदेशाला, सर्व्हर व्यवस्थित उत्तर देत असल्यामुळे साधी आरोग्य तपासणी त्याला निरोगी ठरवते. सर्व्हरांमध्ये वाहतूक वाटणारा लोड बॅलन्सर मग त्याच्याकडे वाहतूक पाठवत राहतो. आरोग्य तपासणीत एक छोटेसे प्रत्यक्ष लेखन आणि त्याला आखूड टाइमआउट असावा, हा धडा अनेक चमूंना त्या आठवड्यात मिळाला असणार.

एक आकडा या प्रकरणात वरवर विसंगत दिसतो. व्हॉल्यूम १३ टक्के अडकले, पण त्याच झोनमधील एक-झोनी आरडीएस (ॲमेझॉनची तयार डेटाबेस सेवा) डेटाबेसपैकी ४५ टक्के उच्चांकाच्या वेळी बाधित होते. याचे कारण असे, की आरडीएस वेगासाठी एकच डेटाबेस अनेक ईबीएस व्हॉल्यूमवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरवून ठेवत असे. पट्ट्यांच्या रचनेत एकही व्हॉल्यूम अडकला की पूर्ण डेटाबेस अडकतो. प्रत्येक व्हॉल्यूम १३ टक्के संभाव्यतेने आणि स्वतंत्रपणे अडकतो असे धरले, तर चारही व्हॉल्यूम सुटण्याची संभाव्यता ०.८७ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.५७, अर्थात अशा चार व्हॉल्यूमच्या डेटाबेसला ४३ टक्के धोका. स्वतंत्रतेचे गृहीतक ढोबळ आहे आणि व्हॉल्यूमची संख्या सगळीकडे चारच होती असेही नाही, पण गणित त्या ४५ टक्क्यांच्या जवळ आणून सोडते. वेग वाढवण्यासाठी केलेली रचना बिघाडाचा पृष्ठभागही वाढवते, हे यातून आकड्यात दिसते.

दोन झोनमध्ये प्रत ठेवणारे आरडीएस डेटाबेस बहुतांशी आपोआप दुसऱ्या झोनकडे वळले. त्यातील २.५ टक्के मात्र वळले नाहीत: मुख्य आणि पर्यायी प्रतींमधला संपर्क तुटणे व मुख्य प्रतीची डिस्क अडकणे या दोन घटना लागोपाठ घडल्यावरच प्रकट होणारा, तोवर कधीही न दिसलेला एक दोष त्यांना आडवा आला. डेटा हरवण्याची शंका असताना ते आपोआप वळले नाहीत हे सुरक्षित होते, पण त्यामुळे प्रत्येक ठिकाणी माणसाला हात घालावा लागला.

रेडिट, क्वोरा, फोरस्क्वेअर आणि हूटसूट या सेवा त्या दिवशी बंद पडल्या किंवा लंगडल्या. त्याच रिजनमध्ये असलेली नेटफ्लिक्सची सेवा मोठ्या प्रमाणात चालू राहिली. तिचा मुख्य डेटा ईबीएसवर विसंबून नव्हता, आणि एक झोन गेला तरी उरलेल्या झोनना भार पेलेल इतकी क्षमता आधीपासून चालू ठेवलेली होती; तरीही आजारी झोनमधून बाहेर पडण्याचे काम त्यांना बरेचसे हातानेच करावे लागले. एक गोंधळ तर नावांचाच होता. झोनची ए, बी, सी ही अक्षरे प्रत्येक खात्याला वेगळी लावलेली असत, म्हणजे सगळे ग्राहक ‘ए’ मध्येच गर्दी करणार नाहीत. त्यामुळे एका चमूचा बाधित झोन दुसऱ्याच्या लेखी वेगळ्याच अक्षराचा होता, आणि एकमेकांना विचारून खात्री करण्याचा मार्ग उपयोगाचा राहिला नाही.

पुढे काय बदलले

बाधित झोनमधील ग्राहकांना, त्यांच्या कामाला प्रत्यक्ष फटका बसला असो वा नसो, दहा दिवसांच्या वापराइतकी सूट कंपनीने दिली. नेटवर्क बदलांच्या प्रक्रियेची तपासणी व अधिक स्वयंचलन, क्लस्टरमध्ये मोकळ्या जागेचा मोठा राखीव साठा, फेरप्रयत्नांमधील वाढती प्रतीक्षा, रेस कंडिशनची दुरुस्ती आणि कंट्रोल प्लेनमधील टाइमआउट आखूड करून तो झोननिहाय अलग करणे ही तिने जाहीर केलेली कामे होती. यातील शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. राउटरवरची चूक पुन्हा कुठल्या ना कुठल्या रूपात होणारच होती. २०१२ मध्ये ईबीएससाठी स्वतंत्र नेटवर्क क्षमता राखून ठेवलेले ईसीटू सर्व्हरही मिळू लागले, म्हणजे डिस्क नेटवर्कच्या पलीकडे असते ही गोष्ट दरपत्रकातही उघडपणे आली.

प्रमुख प्रत कोणती, या प्रश्नाचे उत्तर देणारी यंत्रणा मात्र मुळापासून बदलायला अधिक काळ गेला. २०२० मध्ये ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी फायसेलिया नावाच्या प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. एकाच समुद्री जीवासारख्या दिसणाऱ्या, पण प्रत्यक्षात अनेक जीवांची वसाहत असणाऱ्या प्राण्यावरून हे नाव घेतले आहे. तिच्यात सगळ्या व्हॉल्यूमची नोंद ठेवणारा एकच मोठा डेटाबेस नसतो, तर प्रत्येकी सात नोडांचे, पॅक्सॉस या बहुमतावर आधारित पद्धतीने एकमत साधणारे असंख्य छोटे सेल असतात, आणि प्रत्येक सेल ज्या व्हॉल्यूमची नोंद ठेवतो त्याच्या व तो वापरणाऱ्या सर्व्हरच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवला जातो. नेटवर्क मधोमध तुटले तर ज्याला विचारायचे तो बहुतेक वेळा तुटलेल्या रेषेच्या अलीकडेच असतो, आणि एखादा सेल पडलाच तर त्याच्याकडे विचारणा करणारे मोजके व्हॉल्यूमच थांबतात.